चाकाचे नट पुन्हा पुन्हा सैल होतायत? पान्याला पाइप लावण्याआधी हे बघा

ब्रेकचं काम झालं, गाडी घरी आली, दोन-चार दिवस नीट चालली. मग कळव्याच्या पुलावर गर्दीत हळूहळू सरकताना पुढच्या डाव्या बाजूने टक... टक... टक सुरू झालं. वेग वाढला की टकटक जवळजवळ येते, आणखी वाढला की रस्त्याच्या आवाजात बुडून जाते. गॅरेजला नेली, पोऱ्याने पाना लावून नट आवळले, आवाज गेला. आठवड्याने पुन्हा तेच चाक, पुन्हा तीच टकटक. घोडबंदरहून महापे-तुर्भ्याकडे रोज ये-जा करणाऱ्यांकडून पावसाळ्यात ही तक्रार हमखास ऐकू येते. खड्ड्यांनी सस्पेन्शनची नि टायरची कामं याच दिवसांत निघतात, आणि चाकं याच दिवसांत सगळ्यात जास्त वेळा काढली-घातली जातात.

यावर जो तो एकच सल्ला देतो: अजून घट्ट कर. पान्याला पाइप लाव, वर उभा राहा. माझं मत सरळ उलट आहे. चाक काढल्यानंतर नट एकदा किंचित सैल झाला तर समजू शकतो, पण नीट आवळलेला नट दुसऱ्यांदा सैल झाला, तर प्रश्न जोराचा राहिलेला नसतो. नट आणि हब (चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग) यांच्यामध्ये काहीतरी आहे, किंवा नट आणि रिम एकमेकांचे नाहीत, किंवा स्टडच (हबमधून बाहेर आलेला, नट ज्यावर चढतो तो आट्यांचा दांडा) संपलाय. जोर वाढवून यातलं काहीच सुटत नाही, फक्त पुढे ढकललं जातं.

आवाज आत्ता येत असेल तर

पुढचं सगळं नंतर वाचा, आधी गाडी बाजूला घ्या. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ यांच्या पुलांवर चढण्याआधी सर्व्हिस रोडला उतरा; पुलावर थांबायला जागा नाही आणि मागून कंटेनर येत असतात. स्टिअरिंग २०-३० च्या वेगालाही डुलत असेल तर पुढचं पेट्रोल पंप गाठू वगैरे विचार नको. पाना लावून बघा. नट हाताच्या साध्या जोराने फिरला तर चारही नट आडव्या-उभ्या क्रमाने आवळा आणि हळू गाडी चालवत जवळचं गॅरेज गाठा. एखादा स्टड तुटलेला दिसला, किंवा रिमचं भोक लांबट झालेलं दिसलं, तर स्टेपनी लावूनही स्वतः चालवत नेऊ नका, टोइंगवाल्याला बोलवा.

टकटक नेहमी नटांचीच असते असं नाही. टायरच्या खाचेत अडकलेली खडी अगदी असाच आवाज करते. वाकून बघितलं की दिसते. पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावरच येणारी टकटक बहुधा ॲक्सलच्या जॉइंटची असते. खड्ड्यातून जातानाच खडखड येत असेल तर ब्रेक पॅडच्या पट्ट्या किंवा सस्पेन्शनची लिंक बघायची. सैल चाकाचा आवाज सरळ रस्त्यावर, कमी वेगात, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा येतो आणि दिवसागणिक वाढतो. त्याच्या जोडीला नटाच्या कडेने तांबूस-काळी ओघळ दिसली, तर शंकाच नको. धातूवर धातू घासून निघालेली ती पूड असते, पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरलेली.

आधी रेघ मारा

नट का सैल होतोय हे ओळखायला एक साधी युक्ती आहे आणि ती फारसं कुणी करत नाही. नट योग्य जोराने आवळून झाले की प्रत्येक नटावरून रिमवर जाईल अशी एक सलग रेघ मारायची. पेंट मार्कर असेल तर उत्तम, नाहीतर घरातली नेलपॉलिश चालते. मोठ्या ट्रक-बसच्या नटांवर पिवळ्या प्लास्टिकचे बाण बसवलेले दिसतात ना, काम तेच.

मग ५० ते १०० किलोमीटर गाडी चालवायची. ठाणे-महापे दोन-तीन दिवस ये-जा केली की तेवढं होतं. त्यानंतर सकाळी, चाक गार असताना, आधी प्रत्येक रेघ बघून ठेवायची, मग टॉर्क पाना (ठरवलेला जोर झाला की 'कट्' वाजणारा पाना) त्याच आकड्यावर लावून प्रत्येक नट तपासायचा. पाना 'कट्' वाजेपर्यंत नट जागचा हलला नाही तर तो नट ठीक आहे. हलला, तर पाना लावण्याआधी रेघ कशी होती ते आठवायचं.

रेघ अखंड होती, आणि तरीही पान्याला नट अजून थोडा पुढे गेला, म्हणजे नट उलटा फिरलेला नाही; त्याच्या खालचं काहीतरी बसलंय, दबलंय. रेघ आधीच तुटलेली होती, नटावरचा तुकडा मागे सरकला होता, म्हणजे नट खरोखर उलटा फिरतोय. दर वेळी एकच ठरावीक नट सापडतो, म्हणजे त्या स्टडवर संशय. आणि चारही चाकांचे नट सैल सापडले, तर चाकांना दोष देऊ नका, आवळणाऱ्याचा हात बघा. या चार गोष्टींची कारणं वेगळी आहेत, उपायही वेगळे.

रेघ जागची, पण नट फिरतो

सगळ्यात जास्त सापडणारा प्रकार हा, म्हणून जरा खोलात जातो.

गाडीचं वजन स्टडवर टांगलेलं असतं असा अनेकांचा समज असतो. नीट बसलेल्या चाकात तसं नसतं. नट आवळला की स्टड ताणला जातो, आणि तो ताण रिमला हबवर दाबून धरतो. त्या दाबामुळे दोन पृष्ठभागांमध्ये जे घर्षण तयार होतं, ते चाकाला धरून ठेवतं. बहुतेक लहान गाड्यांचा स्टड १२ मिमी जाडीचा असतो. त्यावर १०० न्यूटन-मीटर (आवळण्याचा जोर मोजायचं माप) जोर दिला तर साधारण चार टनांचा दाब तयार होतो, एका नटाचा. चार नटांचे मिळून सोळा टन. एवढ्या दाबाखाली असलेलं चाक खड्ड्यात आपटलं तरी हबवर घसरत नाही.

आता गंमत बघा. एवढा दाब द्यायला स्टड ताणला जातो तो किती? हिशेब केला तर मिलिमीटरचा साधारण विसावा हिस्सा, म्हणजे ५० मायक्रॉनच्या आसपास. आणि अलॉयला, म्हणजे ॲल्युमिनियमच्या रिमला, मारलेल्या पावडर कोटिंगचा थर सहज ६० ते १०० मायक्रॉनचा असतो. तो थर नटाच्या बैठकीत (रिमच्या भोकात नट जिथे टेकतो तिथे) किंवा रिमच्या मागच्या तोंडावर राहिला, गाडी चालताना दबून निम्मा झाला, की स्टडचा जवळजवळ सगळा ताण गेला. नट इंचभरही फिरलेला नाही, रेघ जागेवर आहे, आणि चाक मात्र सैल. 'रंगवून आणल्यापासून अलॉय टिकतच नाहीत' या तक्रारीमागे निम्म्या वेळा हेच असतं.

रंग एकटाच गुन्हेगार नाही. नवी ब्रेक डिस्क येते तेव्हा तिला गंज लागू नये म्हणून तेल किंवा पातळ लेप लावलेला असतो. घासायचा भाग सगळे पुसतात, कारण तेल राहिलं तर ब्रेक लागत नाही. पण डिस्कचं मधलं टोपीसारखं तोंड, जिथे रिम टेकते, तिथे फडकं कुणी फिरवत नाही. मागच्या चाकाला ड्रम असेल आणि नव्या ब्रेक शूची ॲडजस्टमेंट आधीच जास्त उघडली असेल, तर ड्रम हबवर पूर्ण बसत नाही, जरासा तिरका अडतो. मेकॅनिक नटांच्या जोराने तो ओढून बसवतो. पहिल्या पाच-दहा ब्रेकांत ड्रम आपल्या जागी जातो आणि नट मोकळे.

आणि चिखल. पावसात रस्त्याकडेला पंक्चर काढताना चाक काढून कुठे ठेवतात ते बघा. आतलं तोंड खाली करून, ओल्या मातीत. तेच तोंड हबवर जाऊन बसतं. वाळूचे चार कण पुरेसे आहेत. चाक काढताच खाली गाडीतली मॅट किंवा पुठ्ठा टाका आणि चाक बाहेरचं तोंड खाली करून ठेवा. रंगाला एखादा ओरखडा पडला तर पडू दे.

खाडीकाठच्या वसाहतींत, म्हणजे कोपरी, विटावा, ऐरोली, वाशी या पट्ट्यात, खारी दमट हवा लागते आणि उघड्या लोखंडाला गंज लवकर चढतो. गाडी सोसायटीत पाण्यात उभी राहिली असेल तर विचारूच नका.

साफ कसं करायचं ते नीट सांगतो, कारण 'साफ केलंय साहेब' म्हणजे बहुतेक वेळा फडकं मारलंय. चाक काढून मागच्या बाजूने बघा. रिमच्या मधल्या भागावर हबचा गोल ठसा उमटलेला दिसतो: काही ठिकाणी चकचकीत, काही ठिकाणी तांबूस. चकचकीत भाग खरा टेकतोय, तांबूस भागाखाली पोकळी होती. सगळा ठसा एकसारखा चकचकीत दिसला तर तुमचं चाक चांगलं बसलेलं होतं, कारण दुसरीकडे शोधा. तांबूस चट्टे असतील तर वायर ब्रशने दोन्ही तोंडं घासा, रिमचंही आणि हबचंही. स्टडच्या बुडाशी ब्रश पोचत नाही, तिथे गंजाची गोल कडी साचून राहते. ती छोट्या पेचकसाने खरवडून काढावी लागते, आणि रिमला सगळ्यात जास्त उचलून धरते ती नेमकी हीच. मग एक स्टीलची पट्टी हबच्या तोंडावर आडवी ठेवून मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात बघा, पट्टी कुठे टेकत नाही ते. शेवटी कोरडं फडकं. ग्राइंडर लावू नका. गंज जाईल तसं हबचं लोखंडही जाईल आणि तोंड वाकडं होईल. अलॉय हबच्या मधल्या गोलात चिकटून बसत असेल तर त्या गोलाच्या कडेला ग्रीसचं बोट फिरवायला हरकत नाही, पण टेकणाऱ्या सपाट तोंडावर आणि स्टडवर थेंबही नको.

स्टडला ऑइल लावायची सवय अनेक जुन्या कारागिरांना आहे. 'पुढच्या वेळी सहज निघेल' हा त्यांचा हेतू चांगला असतो. पण पान्याने दिलेल्या जोरातला साधारण नव्वद टक्के भाग घर्षणात जातो आणि जेमतेम दहा टक्के ताण निर्माण करतो. कंपनीने दिलेला आकडा कोरड्या आट्यांसाठी असतो. आट्यांना तेल लागलं की घर्षण घटतं आणि त्याच आकड्याला स्टड सहज पाव पट जास्त ताणला जातो. आटे ब्रशने साफ करा, कोरडे ठेवा.

रेघ सरकली, नट उलटा फिरतोय

याचं शास्त्र गेर्हार्ड युंकर नावाच्या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये मांडलं. नट हादऱ्यांनी सैल होतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोणत्या हादऱ्यांनी, ते त्याने प्रयोग करून दाखवलं. नटाच्या रेषेतले, वर-खाली होणारे हादरे त्याला फारसे उलटे फिरवत नाहीत. दाबलेले दोन भाग एकमेकांवर आडवे घसरू लागले की मात्र आट्यांमधलं घर्षण क्षणाक्षणाला सुटतं आणि नट आपोआप मागे यायला लागतो. चाकाच्या भाषेत सांगायचं तर रिम हबवर घसरू लागली, की नट फिरणारच. दाब पुरेसा नव्हता म्हणून घसरली, किंवा रिम मुळात नीट बसलेलीच नव्हती म्हणून.

बाहेरून घेतलेले अलॉय असतील तर पहिली नजर नटाच्या बैठकीवर टाका. मारुती आणि ह्युंदाईच्या नटांचं तोंड शंकूसारखं, ६० अंशांचं असतं. होंडाचं तोंड गोलसर, चेंडूच्या तुकड्यासारखं असतं. फोक्सवॅगन-स्कोडाला तर नटच नसतात, गोलसर बैठकीचे बोल्ट असतात. बाजारातल्या बहुतेक अलॉयची भोकं शंकूच्या हिशेबाने कापलेली असतात. आता होंडाच्या मालकाने अलॉय घेतले आणि दुकानदाराने कंपनीचेच जुने नट वापरले, की गोल तोंड शंकूच्या भोकात जातं. आवळताना हाताला काही कळत नाही, पाना घट्टच लागतो. पण नट काढून भोकात बघा: नीट जुळणाऱ्या नटाचा ठसा रुंद पट्ट्यासारखा दिसतो, न जुळणाऱ्याचा केसाएवढी बारीक चकचकीत कडी. चार टन त्या कडीवर. काही दिवसांत ॲल्युमिनियम दबतं आणि चाक सुटतं. कितीही घट्ट करा, पुन्हा सुटेल. अलॉयला जुळणारा नटांचा संच घ्या, हा खर्च अलॉयच्या किमतीपुढे काहीच नाही.

दुसरी गोष्ट मधल्या भोकाची. बऱ्याच मारुती-ह्युंदाई गाड्यांच्या हबचा मधला उंचवटा ५४.१ मिमीचा असतो आणि कंपनीची रिम त्यावर नेमकी बसते. बाजारातला अलॉय अनेक गाड्यांना चालावा म्हणून त्याचं भोक ७३.१ मिमीपर्यंत मोठं ठेवलेलं असतं. मधली पोकळी भरायला प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची कडी मिळते, तिला दुकानात हब रिंग म्हणतात. ती बसवलेली नसेल तर चाक मध्यावर आणायचं काम एकट्या नटांवर पडतं, आणि चाक जमिनीवर टेकवून आवळलं तर ते हमखास जरा खाली बसतं. वेग ८०-९० ला गेला की स्टिअरिंगला बारीक थरथर येते. लोक बॅलन्सिंग करत राहतात, पैसे जातात, थरथर जात नाही.

स्पेसर (रिम आणि हबमध्ये घालायची जाड चकती) लावून चाकं बाहेर काढणाऱ्यांबद्दल मी काही लिहिणार नाही. काढून टाका एवढंच.

एकच स्टड दर वेळी

तो स्टड बदला. इथे विचार करण्यासारखं फार नाही. कधीतरी कुणीतरी तो जास्त आवळलाय, तो कायमचा लांबलाय आणि आता ताण धरत नाही. नट हाताने फिरवून बघा. आधी मोकळा जाऊन मधल्या पट्ट्यात अडला, पुढे पुन्हा मोकळा झाला, तर तिथे आटे ताणले गेलेत. कधी स्टडच्या मुळाशी असलेले बारीक दात हबमध्ये सैल होतात, मग नटाबरोबर स्टडही फिरतो. स्टड स्वस्त असतो, मजुरी थोडी जास्त लागते कारण काही गाड्यांत त्यासाठी बेअरिंग-हब बाहेर काढावा लागतो. एक स्टड तुटून गेला असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंचे स्टडही बदलून घ्या. तो तुटल्यावर त्याचा भार त्यांनीच उचललेला असतो.

चारही चाकं सैल: हात, गन आणि टॉर्क पाना

जोराचा हिशेब एकदा करून ठेवला की आयुष्यभर उपयोगी पडतो. गाडीबरोबर येणारा एल आकाराचा पाना साधारण २५ सेंटिमीटरचा असतो. १०० न्यूटन-मीटरसाठी त्याच्या टोकाला ४० किलोचा दाब हवा. ७५ किलोचा माणूस त्यावर पूर्ण वजनाने उभा राहिला तर १८० च्या वर जातो. उडी मारली तर विचारू नका. आणि पान्यावर दुप्पट लांबीचा पाइप घातला तर तेवढ्याच वजनाला ३६५ च्या पुढे. १२ मिमीचा स्टड तिथपर्यंत पोचण्याआधीच कायमचा लांबतो.

टॉर्क पाना नसेल तर वजनकाट्यावर सराव करा. बाथरूममधला काटा स्टुलावर ठेवून हाताने दाबा, ४० वर काटा येतो तेव्हा खांद्याला कसं वाटतं ते लक्षात ठेवा. पाना आडवा असताना, त्याच्या टोकाला, धक्का न देता तेवढाच दाब. रस्त्यात अडल्यावर हे पुरेसं आहे, घरी पोचल्यावर टॉर्क पाना लावायचाच.

आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो आणि तोच खरा. अंदाज यावा म्हणून सांगतो: मारुतीच्या लहान गाड्यांना ८५ ते १०० न्यूटन-मीटर, होंडा सिटी-अमेझला १०८, टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांना १०३, पोलो-रॅपिडला १२०, ह्युंदाईच्या अलीकडच्या गाड्यांना १०७ ते १२७. गॅरेजमध्ये 'दहा किलो', 'बारा किलो' असं ऐकू येईल. ते किलोग्रॅम-मीटरचं माप आहे, एक म्हणजे साधारण ९.८ न्यूटन-मीटर. घोळ होतो तो फूट-पौंडांत. अनेक टॉर्क पान्यांवर दोन्ही मापं कोरलेली असतात, आणि १०८ ऐवजी चुकून फूट-पौंडांच्या बाजूचे १०८ लावले, तर प्रत्यक्षात १४६ न्यूटन-मीटर जातात.

आता गन. हवेच्या दाबाने नट आवळणारी गन वाईट नाही, तिच्यावरच काम संपवणं वाईट. अर्धा इंची गन ४००-५०० न्यूटन-मीटर सहज देते, आणि प्रत्यक्षात किती जातं ते हवेचा दाब किती, होज किती लांब, पोऱ्याने ट्रिगर किती वेळ दाबून ठेवला यावर ठरतं. दुपारी एकाच कॉम्प्रेसरवर तीन गना चालू असतात तेव्हा कमी, सकाळी पहिल्या गाडीला जास्त. म्हणून एकाच गॅरेजमधून एक गाडी सैल नट घेऊन निघते आणि दुसऱ्या गाडीचा नट रस्त्यात पंक्चर झाल्यावर कुणाच्या बापाला निघत नाही.

याहून फसवी एक पद्धत हल्ली चांगल्या दुकानांतही दिसते. आधी गनने कडकड आवळायचं, मग गिऱ्हाइकासमोर टॉर्क पाना लावायचा. 'कट्' वाजतं. 'बघा साहेब, बरोबर शंभर.' बरोबर नाही. टॉर्क पाना फक्त एवढंच सांगतो की नट शंभरला किंवा त्याच्या वर आहे. अडीचशेला असला तरी तो तसाच 'कट्' वाजेल. खरं तपासायचं तर नट पाव फेरा सैल करून टॉर्क पान्यानेच पुन्हा आवळावा लागतो.

बोलायची रीत मात्र सांभाळा. 'तुम्हाला येत नाही' असा सूर लागला की काम बिघडतं. मी सरळ सांगतो, 'दादा, गनने फक्त टेकवा, शेवटचा हात मी माझ्या पान्याने मारतो.' बहुतेक जण हसून बाजूला होतात, एखादा म्हणतो, 'साहेब, विश्वास नाय का?' त्यावर 'विश्वास आहे हो, रेघ मारायचीय' म्हटलं की विषय संपतो.

जास्त आणि कमी-जास्त आवळल्याचा त्रास ब्रेकमध्ये येतो. एक नट दीडशेला, शेजारचा सत्तरला, असं झालं की डिस्क हबवर किंचित तिरकी धरली जाते. फिरताना तिची एक बाजू पॅडला दर फेऱ्याला घासते, तिथे झिजते, आणि काही हजार किलोमीटरनंतर ईस्टर्न एक्सप्रेसवर ८० ला ब्रेक दाबला की स्टिअरिंग आणि पेडल थडथडायला लागतं. मग डिस्क लेथवर घासून घ्या, असा सल्ला मिळतो. घासून आणलेली डिस्क पुन्हा त्याच गनने बसवतात.

आवळायचं कसं

चाक हवेत असताना सगळे नट बोटांनी फिरवा, पाना नाही. बोटांनी जिथवर जातात तिथवर. १२ मिमीच्या स्टडवर निदान आठ-दहा फेरे धरले पाहिजेत. चार फेऱ्यांत अडला तर नट तिरका चढतोय किंवा आटे वेगळे आहेत, मागे घ्या. मग चाक हाताने जरा हलवत हलवत, पान्याने हलकेच, समोरासमोरच्या जोड्यांनी टेकवा. डब्याचं झाकण एका बाजूने दाबलं की दुसरी बाजू उचलते, तसंच इथे होतं, म्हणून शेजारचा नट कधीच लागोपाठ घ्यायचा नाही. पाच नट असतील तर एक सोडून एक, ताऱ्यासारखं.

आता जॅक इतका उतरवा की टायर जमिनीला टेकून चाक फिरणार नाही, पण गाडीचं सगळं वजन त्यावर आलेलं नसेल. टॉर्क पाना ठरलेल्या आकड्याच्या निम्म्यावर ठेवून एक फेरी, मग पूर्ण आकड्यावर दुसरी. पाना हळू, सलग ओढा. 'कट्' एकदा वाजलं की थांबा. खात्रीसाठी पुन्हा दोनदा 'कट्-कट्' करणारे प्रत्येक वेळी थोडा जोर वाढवत असतात. शेवटी त्याच आकड्यावर एक तपासणीची फेरी, आणि मग रेघा.

टॉर्क पान्याने नट खोलू नका, त्यासाठी साधा पाना आहे. काम झालं की त्याचा आकडा सगळ्यात खाली आणून ठेवा, नाहीतर आतली स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत राहून हळूहळू खोटं बोलायला लागते. तुमची गाडी ८५ वाली असो की १२७ वाली, २८ ते २१० न्यूटन-मीटरचा अर्धा इंची पाना पुरतो. सोबत नटाच्या मापाचा सॉकेट: मारुती-होंडाला १९ मिमी, ह्युंदाई-टोयोटाला २१, पोलो-रॅपिडच्या बोल्टांना १७. सोसायटीत पाच-सहा जणांनी मिळून एक घेतला तरी चालतो, वर्षातून चार-पाच वेळाच लागतो.

नट हरवला तर

रस्त्यात नट गळून पडला आणि चार नटांच्या गाडीला तीन उरले, तर तीनही योग्य क्रमाने आवळून, ४० च्या आत, गॅरेजपर्यंत जाता येतं. दोन उरले असतील तर दुसऱ्या एका चाकाचा एक नट काढून इकडे लावा, म्हणजे दोन्हीकडे तीन-तीन होतील.

नवा नट घेताना मात्र घाई करू नका. मारुतीच्या नटाच्या आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी असतं, ह्युंदाई, होंडा, टोयोटाचं १.५ मिमी. जाडी दोन्हीची १२ मिमीच, त्यामुळे दुकानात एकाच डब्यात पडलेले असतात आणि हातात घेतल्यावर डोळ्यांना फरक दिसत नाही. चुकीचा नट दोन-अडीच फेरे सहज जातो आणि मग अडतो. तिथे पोऱ्या म्हणेल 'नवा आहे, जरा टाईट जातोय' आणि गन उचलेल. गन लावू देऊ नका. जुना चांगला नट नमुना म्हणून बरोबर न्या आणि नवा नट काउंटरवरच एखाद्या सुट्या स्टडवर बोटांनी शेवटपर्यंत फिरवून बघा. बोटांनी गेला तरच पैसे द्या.